सुरूच्या रांगेतली फट

तेव्हाचा वारा भलताच आगाऊ होता. त्यानं रोपवाटिकेची हिरवी जाळी उपटली आणि खालच्या शेतात, नेमकी शेतकऱ्याच्या अंगावर नेऊन टाकली. रोपवाटिकेवाली धावत आली तेव्हा तो जाळीतून डोकं बाहेर काढत होता.

"वाऱ्यानं घेवडा झोपवलाच होता," तो म्हणाला, "तुम्ही पांघरूणही पाठवलंत."

ती हसली नाही... म्हणजे, लगेच नाही. "कडेला सुरूची रांग लावा. आडोसा होईल."

शेतात झाडं म्हणजे त्याच्या काकांच्या लेखी शुद्ध खुळेपणा. पण पुतण्या ऐकतोय कसला! चाळीस रोपं त्यानं अकरा फेऱ्यांत नेली. दर फेरीला नवी शंका. उत्तर ऐकताना तो रोपांकडे कधीच बघत नसे. आणि तीही सगळी उत्तरं एका दिवशी देऊन टाकत नसे.

तिसऱ्या वर्षी सुरूची झाडं डोक्याच्या वर गेली. मग एका वादळानंतर काकांचा निरोप आला : तुमच्या झाडांचा प्रताप बघून जा. ती तशीच निघाली. शेतासाठी तिनं दिलेली ही पहिलीच रांग. ही फसली तर दुसरं कुणी तिच्या दारात येणार नव्हतं.

शेतात तो एकटाच होता. घेवडा ताठ उभा होता. मधला एकच पट्टा, गाडा फिरवल्यासारखा, आडवा. आणि त्याच्या समोरच रांगेत दोन झाडं नव्हती.

"इथली दोन कुठायत?"

"घरामागं लावली."

"फटीतून वारा दुप्पट जोरानं घुसतो, सांगितलं होतं ना मी?"

"दोनदा सांगितलं होतंत."

"मग?"

त्यानं फटीकडे पाहिलं. ती फटीपाशी गेली, पलीकडे पाहिलं — तिचीच रोपवाटिका. ती रोज पिशव्यांत माती भरत बसते, तो कट्टासुद्धा स्पष्ट दिसत होता.

रागानं ओठांवर आलेलं सगळं तिथंच विरघळलं.

"काकांना काय सांगायचं?" तिनं हळूच विचारलं.

"चूक माझी. झाडांची नाही."

"फट बुजवावी लागेल."

"बुजवतो. पण मग... इथून काही दिसणार नाही."

ती उगाचच एक ढेकूळ बोटांनी फोडत राहिली. "मी अलीकडे राहायला आले, तर पलीकडे बघायचं कशाला?"

फटीत दोन नवी रोपं तिनंच लावली, त्या घरची होऊन. आज रांग छपराहून उंच आहे. त्यातली दोनच झाडं जराशी बुटकी का, असं कुणी विचारलं, तर नवराबायको वेगवेगळी कारणं सांगतात.