तेजलची आठवण

स्मृतिवहन केंद्रात काचेपलीकडे सोळा वर्षांची तेजल पाय हलवत बसली होती. पाच बायकांचा खून करणाऱ्या माणसाला त्यांच्या घरात शिरता यावं, हे बघायचं काम तिचं होतं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात ती वाटी घेऊन उभी राहायची आणि विरजण मागायची. आता विरजणाला नाही कोण म्हणतं हो? बाई स्वयंपाकघराकडे वळली की मागून तो आत यायचा. त्याला फाशी झाली. हिचं वय आड आलं, म्हणून न्यायालयानं हिच्या त्या आठवणी काढायला सांगितल्या.

"काढा म्हणायला काय जातं?" डॉ. मालशे वृंदाला म्हणाले. "आठवण पुसायला गेलं की आजूबाजूचा मेंदूही जातो. ती फक्त दुसऱ्या मेंदूत हलवता येते. आणि असली घाण कोण घेतंय? तुम्हीच पहिल्या."

पाचवी बाई म्हणजे वृंदाची आई. तपासात तेजलनं तोंड उघडलं नव्हतं.

"मला एवढंच हवंय, डॉक्टर. शेवटी आई काय बोलली? माझं नाव घेतलं का? दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकलेही नव्हते."

"नीट ऐका. आठवण तेजलच्या 'मी'सकट येईल. 'तिनं केलं' असं वाटणार नाही, 'मी केलं' असंच वाटेल. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्हाला कळेल, पण पटणार नाही."

"घरी माझी वाट बघणारं कोणी उरलेलं नाही. करा सुरू."

दुपारी तेजल जागी झाली आणि तिला सपाटून भूक लागली. आजवर तिला बळंच भरवावं लागायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला वृंदा भिंतीकडे तोंड करून रडत होती. इतकं एकटं तिला आईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं. डॉक्टर जवळ आले, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

तेजल पोह्यांची बशी घेऊन तिच्याजवळ बसली. "काकू, काय झालं? कोणी बोललं का तुम्हाला?"

"आई बोलली," वृंदा म्हणाली. "माझ्याशीच बोलली. तिला वाटलं, तो माणूस मलाही मारणार. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, पोरी, मागचं दार उघडं आहे, तू पळ."

"मग पळालात ना?" तेजलला खरोखरच काळजी वाटत होती.

"नाही गं," वृंदा म्हणाली. "मी जाऊन त्या दाराला कडी लावली."