दिपाचं नाव यादीत का नव्हतं

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर चहा घेताना रेवानं हातातली यादी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी तरुणापुढे धरली. राग कुठेतरी काढायचाच होता.

"बघा ना. उद्या आपट्याजवळच्या वाडीवर आमच्या संस्थेचं लसीकरण आहे. गोवराचे दोन डोस पूर्ण नसलेल्या मुलांची ही यादी. आणि जिला एकही डोस मिळालेला नाही, त्या दिपाचंच नाव नाही. कुणी केली असेल?"

त्याचे कान लाल झाले. "मी... स्वानंद. परवाच लागलोय तुमच्या संस्थेत."

रेवाला हसू आवरेना. "मग चला. कशी करता, ते दाखवा."

ऑफिसात त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. वाड्यांचं एक टेबल, मुलांचं दुसरं, डोसांचं तिसरं.

"मी तिन्ही जोडली. पण इनर जॉइननं. तिन्हीकडे नोंद सापडेल तीच मुलं उरतात. दिपाचा डोसच नाही, म्हणून ती गळली." त्यानं डोसांसाठी लेफ्ट जॉइन लिहिलं. "आता डोस नसला तरी मूल राहील."

दिपा तरीही आली नाही.

रेवा खुर्ची ओढून जवळ सरकली. तिच्या केसांतला अबोलीचा गजरा त्याच्या खांद्याला लागला... तो टाइप करायचं विसरला.

"ही खालची 'व्हेअर'ची ओळ काय म्हणते?"

"फक्त गोवराचे डोस घे."

"पण दिपाचा रकाना रिकामा. रिकाम्याला गोवर कोण म्हणणार? ही अट जोडतानाच घातली तर?"

त्यानं अट जॉइनच्या 'ऑन'मध्ये, म्हणजे टेबलं जोडण्याच्या ओळीतच नेली. एकतीस नवी नावं आली. सातवं दिपाचं.

"हे कुठे शिकलात?" त्यानं विचारलं.

"आत्ताच. तुमच्याकडून."

दुसऱ्या दिवशी वाडीवर दिपाची आई, ठकी, बिचकत पुढे आली. "आमची पोर हाय का यादीत? मागल्या खेपेला नाय म्हनले."

"आहे," स्वानंद म्हणाला. सुई टोचताना दिपानं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून आकांत मांडला. शर्ट पार चुरगळला.

परतताना टमटम भरत होती. रेवानं विचारलं, "तुमचं काम यादीपर्यंतच होतं. का आलात?"

"चूक माझी होती म्हणून... असं काल वाटलं."

"आणि आज?"

"सहाला उठून शर्टाला इस्त्री केली. चुकीसाठी कुणी इस्त्री करत नाही."

टमटममध्ये चढून रेवानं पिशवी मांडीवर घेतली, शेजारी जागा केली.

"बस इकडे," ती म्हणाली.

'बसा'मधला काना तिनं मुद्दाम खाल्ला होता. ते त्याच्या बरोबर लक्षात आलं.