सात सेकंद जास्त

जुन्नरमध्ये तेजस्विनी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायची. कुठला प्रोसेसर चांगला, असं कुणी विचारलं की ती तोंडी उत्तर देत नसे. गिऱ्हाइकाचंच काम दोन्ही मशिनवर चालवून दाखवायची.

डिंगोऱ्याचा गोरक्ष लग्नांचं शूटिंग करायचा. त्याला एडिटिंगसाठी स्वस्तातलं मशिन हवं होतं. तिने दोन मांडली. एकात भंगारात निघालेल्या सर्व्हरचा बारा कोरचा प्रोसेसर, दुसऱ्यात त्याहून चार वर्षांनी नवा, सहा कोरचा, साधा डेस्कटॉपचा. सर्व्हरवालं निम्म्या किमतीत. पण वीज दुप्पट खाणार आणि बोर्ड गेला तर दुसरा मिळणं कठीण.

चाचणीला गोरक्षने एक जुना व्हिडिओ दिला. तळेघरच्या वरच्या रानात त्याचे वडील राघू मेंढरं घेऊन पाठमोरे चाललेले. तीन मिनिटं बारा सेकंदांनी कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. त्या दिवशी मेंढरं परत आली, राघू आले नाहीत. त्याला दोन वर्षं झाली होती.

त्याची नवी फाइल तयार करायला डेस्कटॉपने अकरा मिनिटं घेतली, सर्व्हरने आठ. मग तेजस्विनीने तयार फाइलींची लांबी पाहिली. डेस्कटॉपची तीन बारा. सर्व्हरची तीन एकोणीस.

त्या जास्तीच्या सात सेकंदांत राघू ओढा ओलांडत होते.

"हे तुम्ही शूट केलंय?"

"न्हाई ताई. कॅमेरा बंद पडला तसा मी गाडीकडं आलो व्हतो."

तिने मूळ फाइल तपासली. रॅम बदलली, डिस्क पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, पुन्हा चालवलं. तीन सव्वीस. ओढ्यापलीकडे एक हिरड्याचं झाड आलं. पुढच्या खेपेला झाड मागे पडलं. डेस्कटॉप मात्र तीन बाराच्या पुढे जाईना.

"यात काहीतरी बिघाड आहे, गोरक्षभाऊ. मला तो सापडत नाहीये. तुम्ही डेस्कटॉपवालंच घ्या."

गोरक्षने पडद्यावरची नजर काढली नाही. "आमी लई रान धुंडाळलं, पर वड्याच्या पल्याड कुनी गेलं नाय. मला ह्योच द्या."

तिने दिलं. गिऱ्हाइकाला नको म्हणायला तिच्याकडे पटेल असं कारण नव्हतं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्याची बायको हिरा रिक्षातून ते मशिन घेऊन आली.

"तळेघरला जातो म्हनून गेलं, त्याला आठ दिस झालं. गाडी वड्याजवळ घावली. मला ह्ये चालवता येत न्हाई. ह्यात कुठवर गेल्यात तेवढं बघा, मानसं थांबल्यात शोधायला."

तेजस्विनीने व्हिडिओ त्यावर पुन्हा चालवला. फाइल आता एकवीस मिनिटांची झाली होती. तिने शेवटाकडची दोन मिनिटं लावली. मेंढरं दिसत नव्हती. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं, मधून पायवाट. राघू चालले होते आणि त्यांच्या शेजारी आणखी एक पाठ होती.

हिराने शर्ट ओळखला.

"बरं हायती," ती म्हणाली. "चालत्यात."

तेजस्विनीने आवाज वाढवला. वाटेचा आवाज येत होता, वाळक्या पानांचा.

"ताई," हिरा हळूच म्हणाली, "मग मागनं शूटिंग कोन करतंय?"

पुढे वाट वळली. ऊन पाठीमागून आलं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाची सावली वाटेवर लांब पडली.

त्या सावलीचे दोन्ही हात मोकळे होते. चालीबरोबर सावकाश हलत होते.