बगळ्याचे पाच दिवस

सरकून बसा जरा. आणि रिंकी, तो मोबाइलचा उजेड खाली कर, डोळ्यांत जातो. वीज यायची तेव्हा येईल.

गोष्ट हवी ना? सांगतो. पण ही कुठून कुठून फिरत आलेली नाही. माझा लहानपणापासूनचा सोबती मागुणी जेना, पाण्याच्या टाकीमागे राहतो तो, त्याच्या बायकोवर गुदरलेली आहे. कुंतळा तिचं नाव. मी तिला भाऊज म्हणतो. तिने आपल्या तोंडाने मला सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

रात्र गेल्या वर्षीच्या कार्तिक पौर्णिमेची. महिनाभर मासा सोडलेलं अख्खं गाव दुसऱ्या दिवशी छाडखाई करणार, म्हणजे व्रत सोडून सकाळपासून मासळीवर तुटून पडणार. वर्षातला आपला सगळ्यात मोठा बाजार. त्या रात्री चिल्का सरोवरात ज्याची होडी नाही, तो कोळी कसला?

मागुणीचा धाकटा भाऊ सुरतेला यंत्रमागावर कामाला गेलेला. होडीत दुसरा हात नाही. तर भाऊजच पदर खोचून निघाली. घाटावर टवाळ बसलेलेच होते. त्यांतला कैबल्य ओरडला, "काय मागुणी, आज वल्हं बायको मारणार वाटतं?"

भाऊजने विळी होडीत ठेवली आणि वळून म्हणाली, "बायको वल्हं मारेल, मासे साफ करेल, आणि तुझ्यासारखे दोन पाण्यात पडले तर केसांना धरून बाहेरही काढेल. बाजूला हो."

अशी ती. पण त्या हसण्याच्या आत काळजी होती. त्याच वर्षी आषाढात मागुणीची होडी उलटली होती, आठवतं? रात्रभर एका बांबूला मिठी मारून राहिला, सकाळी आणला तेव्हा ओठ काळे-निळे. शुद्धीवर आल्यावर एकच बोलला. पाण्यात कोणीतरी त्याचा घोटा धरला होता, आणि सारखं म्हणत होतं, "दे."

भाऊज तेव्हाच आपल्या चिल्काच्या देवीच्या, कालीजाईच्या पायऱ्यांवर डोकं टेकवून आली. "आई, कार्तिक पुरा धरीन. मासा खाणार नाही, कोणाला वाढणार नाही. माझा माणूस पाण्याला परत देऊ नकोस." पुजाऱ्याने सांगितलं होतं, धंद्यापुरता हात लागला तर चालेल, पण मासा कोणाच्या मुखी घातला की व्रत मोडलं. खाणाऱ्याचंही, घालणाऱ्याचंही. महिनाभर एक वेळचा हविष्यान्नाचा भात, पहाटेची अंघोळ, तुळशीपुढे रांगोळी. एकोणतीस दिवस निभावले. उरली होती ती एकच रात्र.

संध्याकाळी जाळं उचललं तर टोपलीभर मासा. बोटाएवढी लहान बोय, चांदीसारखी. दुसरं जाळं पहाटे उचलायचं होतं. मागुणी म्हणाला, "जरा पाठ टेकतो गं," आणि घोंगडी ओढून होडीच्या टोकाला आडवा झाला. बोलता बोलता घोरायलाही लागला.

भाऊज मधल्या फळीवर बसली. पुढ्यात विळी, डाव्या हाताला राखेचा डबा, उजव्या हाताला टोपली. साफ केलेला मासा बाजारात आधी उचलला जातो, म्हणून हा रात्रीचा उद्योग. लहान मासा राखेशिवाय हाती ठरत नाही. बोटं राखेत बुडवायची, मासा धरायचा, शेपटीकडून डोक्याकडे विळीवर ओढायचा. खर्र. खवले उडतात. कपाळावर, दंडावर, केसांत, जिथे पडतील तिथे चिकटून बसतात. रिंकी, तुला सांगायला नको.

चांदणं असं की मागुणीच्या घोंगडीवरचे खवलेही चमकत होते. जाळ्याच्या बांबूवर एक बगळा उभा होता, एका पायावर. कार्तिकाचे हे शेवटचे पाच दिवस, पौर्णिमा सरेपर्यंत, बगळाही मासा शिवत नाही म्हणतात. भाऊजने मान वर करून त्याला म्हटलं, "उद्या रे बाबा, उद्या. तूही थांब, मीही थांबते."

"एक दे," कोणीतरी म्हणालं.

समोरच्या फळीवर माणूस बसला होता. डोक्यावरून गमछा. गुडघे जवळ घेतलेले. भाऊज दचकली नाही. तिथे पाणी कमरेएवढंच, दुसऱ्या होडीवरचा कोणी चालत आला असेल असं तिला वाटलं.

"कोणत्या होडीवरचे तुम्ही?" तिने विचारलं.

"एक दे."

"देते की. सकाळी बाजारात या, सगळ्यांना देते. आज पौर्णिमा आहे, आज मासा मागता? घरच्यांनी काही शिकवलं नाही?"

भाऊजने पुढचा मासा घेतला. खर्र. खवले उडाले, त्याच्या गुडघ्यांवर पडले.

आणि ओघळले.

तिने दुसरा मासा घेतला. मुद्दाम जोरात ओढला. खवले त्याच्या हातावर पडले. ओघळले. एकही राहिला नाही. तिच्या दंडावर खवले. घोंगडीवर खवले. राखेच्या डब्यावर खवले. त्याच्या अंगावर... काही नाही. कोरडा नव्हता तो. गमछ्यातून पाणी ठिबकत होतं.

मग तिला आठवलं. हा चढला तेव्हा होडी हलली नव्हती.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, उठा ना."

मागुणी उठला नाही. त्याचं घोरणंही थांबलं होतं.

"एक दे," समोरचा म्हणाला. "नाहीतर... हा दे."

होडी कलली. हळूहळू. मागुणीच्या बाजूला. त्याचा एक हात घोंगडीतून घसरला आणि पाण्यात गेला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. जणू खालून कोणी हळूच ओढत होतं.

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? एक मासाच तर मागत होता. टोपलीभर होते. फेकला असता एक, आणि सुटला असता प्रसंग. मी तर फेकला असता बाबांनो.

भाऊजने आपला पाय लांब केला आणि मागुणीच्या लुंगीवर टाच रोवली. घट्ट. हातातला मासा हातातच ठेवला. आणि सासू सुनेवर ओरडते ना, तशी ओरडली.

"हात सोड त्याचा! एक देणार नाही. अर्धा देणार नाही. शेपूट देणार नाही! महिनाभर मी पोटाला चिमटा घेतलाय तो याच्यासाठी. तुला एक घातला की माझं व्रत गेलं, आणि व्रत गेलं की हाही गेला. मला काय खुळी समजलास? तो बघ, तो बगळा बघ. त्याला पोट नाही? त्याला भूक नाही? पाखरू पाच दिवस थांबतं, आणि तुला एक रात्र थांबवत नाही?"

तिने टाच आणखी दाबली.

"तुला आई होती ना? तिने कधी कार्तिक धरला नव्हता?"

त्याचा गमछा खाली झुकला.

"धरायची," तो म्हणाला. आवाज खोलातून यावा तसा. "अंधारात... मला कडेवर घेऊन... अंघोळीला जायची."

"मग तिच्यासाठी थांब. माझ्यासाठी नको. पौर्णिमा मावळू दे, पहिला वाटा तुझा. माझ्या नवऱ्याच्या आधी, बाजाराच्या आधी. कालीजाईची शपथ. पण तोवर इथे माझ्यासमोर बसायचं. उपाशी. आणि त्याला हात लावायचा नाही."

"वाटा... मला?"

"तुला. खाली बस."

होडी सरळ झाली. मागुणीचा हात पाण्यातून वर आला, तो भाऊजने घोंगडीत घेतला. बर्फासारखा होता.

मग ती मासे साफ करू लागली. तो बघत राहिला. खर्र. खर्र. हात चालत होते तोवर तो बसून होता. एकदा ती कपाळ पुसायला थांबली... तो पुढे सरकला. वीतभर. तिने पटकन मासा उचलला. तो थांबला.

टोपली रिकामी होत आली.

चंद्र अजून वरच होता.

तिने हात सावकाश केले. एका माशाला दोन माशांचा वेळ. तरी तळ दिसला. शेवटचा मासा. तोही झाला. मग तिने साफ केलेल्यांतलाच एक उचलला आणि पुन्हा विळीवर धरला. खवले नाहीत, आवाज नाही. नुसतं ओढणं. बोटांना काटे लागले. राखेत रक्त मिसळलं. टाच लुंगीवरून काढली नाही. तोंडाने कालीजाईचं नाव, एकसारखं.

तो वाकला. तिच्या हातातल्या बिनखवल्याच्या माशाकडे बघू लागला. त्याला कळलं होतं.

"थांबायचं म्हणजे थांबायचं," भाऊज म्हणाली. "मी बसले आहे ना उपाशी? बस."

तो बसला.

किती वेळ... तिलाही माहीत नाही. चांदणं पिवळं झालं. मग फिकं. मग...

बांबूवरच्या बगळ्याने पाण्यात चोच मारली.

मासा तोंडात धरून तो उडाला. पूर्वेला लाली आली होती. समोर फळीवर कोणी नव्हतं.

मागुणी कूस बदलून म्हणाला, "उजाडलं काय गं? उठवलं का नाहीस?"

आदल्या पहाटे गावाने दिवे लावून सोडलेल्या केळीच्या सोपाच्या नावा असतात ना, त्यातली एक वाहत येऊन बांबूला अडकली होती. दिवा विझलेला. तिने त्यात चांगले ओंजळभर मासे ठेवले, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि हात जोडले. "घे रे बाळा. पारणं कर," म्हणाली. मगच दुसरं जाळं उचललं.

सकाळी ऊन चढता चढता होडी घाटाला लागली तेव्हा मी दोर धरायला गेलो होतो. रात्रीचे खवले उन्हात वाळून होडीभर चिकटले होते. फळ्यांवर, काठावर, वल्ह्यावर. फक्त समोरच्या फळीवर बसायला लागते तेवढी जागा स्वच्छ. आणि तिच्याखाली, तळाच्या लाकडावर, दोन पावलं स्वच्छ. बोटं मोजता येतील अशी.

मागुणीला सगळं कळल्यावर तो होडी मोडायला निघाला. भाऊज आडवी आली. "हात लावून बघा होडीला! व्रत पाळून गेला तो. त्याची जागा आहे, राहील."

मग मागुणीने निदान डांबर तरी मारलं. दोन हात. काळं कुळकुळीत.

आजही भाऊज त्याच होडीत मधल्या फळीवर बसून मासे साफ करते, त्या जागेकडे तोंड करून. कालच गेलो होतो मी. खवले उडत होते. तिच्या कपाळावर, माझ्या सदऱ्यावर, सगळ्या डांबरावर चिकटत होते.

त्या जागेवर पडत होते... आणि ओघळत होते.