सगळ्या बाटल्या स्वच्छ

फोन प्रयोगशाळेतून आला. "मॅडम, सगळ्या बाटल्या स्वच्छ निघाल्या!"

"सगळ्या?"

"एकूण एक. म्हणून तर घाईनं कळवतोय."

ताईंनी फोन ठेवला. कारखान्यामागच्या वस्तीत घरोघरी जुलाब, लहान लेकरं सलाइनवर, आणि पाणी म्हणे स्वच्छ! आता कारखान्याच्या टाकीचं तेच पाणी वस्ती पीत राहणार.

साथीच्या रोगांचा माग काढण्यात ताईंचा जन्म गेला होता. आधी कारखान्यात होत्या, तिथे लपवतात कसं ते पाहिलं. मग सरकारात गेल्या, तिथे दाबतात कसं ते पाहिलं. आता विद्यापीठात या दोन्हींवर शिकवत होत्या.

त्यांनी तिघांना समोर बसवलं. नमुने भरणारी विद्यार्थिनी, तपासणारा प्रयोगशाळावाला, आणि पेटी गाडीतून पोचवणारा धाकटा भाऊ. भाऊ त्याच कारखान्यात टाकीवरचा साहेब. कारखान्याच्या माणसाच्या हाती नमुने देऊ नयेत, हे ताई वर्गात घसा फोडून सांगत. पण पाठचा भाऊ का परका असतो?

"पेटी वाटेत उघडली होती?"

"छे!" भाऊ हसला. "तू बांधलीस तशीच दिली. पाणी चांगलं आहे ताई, आता तरी हट्ट सोड."

विद्यार्थिनी पुटपुटली, "पण मॅडम, ते नाल्याचं..."

ताईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. "पेटी आल्यापासून तू प्रयोगशाळेतून हललास?" त्यांनी प्रयोगशाळावाल्याला विचारलं.

"नाही. पेटी हिच्यासमोरच फोडली."

"मग ऐका. सरकारात असल्यापासून माझी एक खोड आहे. प्रत्येक पेटीतली एक बाटली मी मुद्दाम नासवते, नाल्याच्या पाण्याचे थेंब घालून. तपासणी खरी असेल तर ती खराब निघायलाच हवी. तीही स्वच्छ निघाली, म्हणजे बाटल्यांतलं पाणीच बदललं. या वेळी ते थेंब हिनं घातले. ही खोड या प्रयोगशाळावाल्याला मीच शिकवली. या दोघांनी लबाडी केली असती, तर एक बाटली खराब ठेवली असती. खोड ठाऊक नसलेला एकच माणूस इथे आहे."

भावाचं हसू विरलं. नजर जमिनीला लागली.

"ताई, वरून दम होता गं. नोकरी गेली असती. आणि ही नोकरी तूच लावलीस ना मला?"

"हो रे बाबा. माझ्याच शब्दावर घेतलं त्यांनी तुला."

ताईंनी आरोग्य खात्याचा नंबर फिरवला.

"टाकीचं पाणी आत्ता बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि लिहून घ्या, नमुने माझ्या भावानं बदलले."