पटायात दिलेलं आवतण

अनगोळच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय, हे घरच्या माणसांच्या आधी अक्काताईला कळायचं. त्यामुळं शेजारचा सूरज आणि त्याची बायको माधवी पटायाला निघाल्याचं कळताच तिनं नवऱ्याच्या मागं लागून त्याच सहलीत आपलंही नाव घातलं. माधवीला चौथा महिना होता आणि पोरीला आई नव्हती. परक्या मुलखात तिच्याकडं बघणार कोण?

सहलीचा गाइड, निपाणीचा आण्णाप्पा, यानं तीन दिवस सगळं फिरवून दाखवलं. लाकडात कोरलेलं उंच देऊळ झालं, बोटीतनं बेट झालं. पाण्यावरच्या बाजारात तर अक्काताईनं होडीतल्या भाजीवालीला "पोरं किती गं तुला?" असं चक्क मराठीत विचारलं, आणि त्या बाईनं तीन बोटं दाखवली.

निघायच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या फाटकापाशी तिला खांबावरचं एक चिमुकलं घर दिसलं. आत वीतभर उंचीचे म्हातारा-म्हातारी, पुढं वाटीतल्या पांढऱ्या वाळूत खोचलेली उदबत्ती, फुलांची माळ आणि लाल सरबताची बाटली.

"बघ गं माधवी, देवाला नळीसुद्धा घालून दिलीया! लई लाड हाईत."

अक्काताईनं पर्समधली डबी काढली, म्हातारीला कुंकू लावलं, चार अक्षता वाहिल्या. "आई, आमच्यात पहिलं आवतण देवाला देत्यात. हिच्या बाळाच्या बारशाला अनगोळला या. आणि जेवल्याबगर जायाचं न्हाय, सांगून ठेवते."

वारा अजिबात नव्हता. तरी उदबत्तीचा सरळ वर जाणारा धूर वाकला, आणि माधवीच्या पोटापाशी जाऊन विरला.

बस सुटल्यावर माधवीनं हसत हसत हे सगळं सांगितलं. आण्णाप्पा हसला नाही.

"त्यो देव न्हवं, आक्का. ती ह्या जागेची मूळची मालकं. माणसांनी जागा घेतली, म्हणून त्यांना येगळं घर बांधून दिलंय, त्यांनी त्यातच ऱ्हावं म्हणून. त्यांना खायाला घालत्यात… पर घरी कुणी बोलवत न्हाई."

"का रं?"

"आली तर… तिथं त्यांना जागा द्याया लागती."

अक्काताईनं माधवीच्या पोटाकडं बघितलं. "गाडी थांबीव."

ती धापा टाकत फाटकापाशी आली. रस्ता गाड्यांनी भरून वाहत होता, पण तिथं पाऊल टाकताच कानात बोळे घातल्यासारखं सगळं गप्प झालं. म्हातारा होता. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती.

"आई… चुकले मी. आवतण मागं घेते. येऊ नका…"

म्हाताऱ्याचं तोंड मघाशी समोर होतं. आता ते रस्त्याकडं होतं, गावाला गेलेल्या माणसाची वाट बघावी तसं.

गावभर बातम्या पोचवणाऱ्या अक्काताईनं ही एक गोष्ट मात्र पोटात ठेवली. पाच महिने. मुलगा झाला, धडधाकट. बाराव्या दिवशी, भर दुपारी, ती कुंकवाचं ताट घेऊन माधवीच्या उंबऱ्यातच बसली.

"तू कुणाची गं?"

"सांबऱ्याची. सूरजच्या मामाची सून."

"मामाचं नाव?"

"महादेव. आधार कार्ड दाखवू व्हय, आक्काताई?"

बायका खिदळल्या. अक्काताई हसली नाही. प्रत्येकीचं तोंड निरखून, गाव विचारून मगच तिनं आत सोडलं. शेवटची बाई आत गेल्यावर तिनं दार लावून कडी घातली. अनोळखी कुणी नव्हतं. तिला पहिल्यांदा नीट श्वास आला.

पाळणा सजला. सूरजची बहीण रचना बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली. तिच्या पाठीत धपाधप बुक्के पडायला लागले.

"थांबा गं जरा…" ती वाकूनच म्हणाली.

हात थांबले.

"ह्यो… हुंकार देतोय."

"बारा दिसांचं पोर? कायतरीच तुझं."

"न्हाय, ऐका की. हुं म्हणतोय… थांबतोय… परत हुं म्हणतोय. कुणीतरी सांगतंय, आन ह्यो ऐकतोय…"

अक्काताई पुढं झाली. "तू नाव सांगितलंस?"

"अजून न्हाई." रचनानं बाळाच्या कानातनं बोट फिरवून वर धरलं.

बोटाच्या टोकाला पांढरी, बारीक वाळू होती. अजून ओली.