वीस सेकंद उशिरा

कंपनीतल्या ज्या माणसाचं ऑनलाइन वर्ग जोडून द्यायचं काम होतं तो सांगोल्याला लग्नाला गेला, म्हणून त्या बुधवारी जुळे सोलापुरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत रत्नदीप आला. आणि आल्या आल्या त्याने बुद्धप्रिया मॅडमच्या वर्गाची वाट लावून ठेवली.

वर्ग जरा निराळा होता. ऊसतोडीच्या हंगामात शाळेतली दहा मुलं आईबापांबरोबर श्रीपूरकडे जायची आणि परत यायची ती निम्म्या खुणा विसरून. म्हणून यंदा बुद्धप्रिया रोज अकराला कॅमेऱ्यासमोर हातांनी शिकवणार आणि मुलं फडावर मोबाइलमध्ये बघणार, असं ठरलं होतं. रत्नदीपने त्याची मांडामांड केली. एकाच चित्राचे सर्व्हरवर चार नमुने तयार होणार — मोठा, मध्यम, लहान, अगदी लहान. रेंज असेल तसा मोबाइल आपला आपण निवडणार. आणि रेंज फारच कमी झाली, तर चित्र बंद होऊन नुसता आवाज सुरू राहणार. कोचिंग क्लासवाले यावर फार खूश असतात, हेही त्याने सांगितलं.

बुद्धप्रियाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "सर... आमच्या मुलांना आवाज पाठवणार?"

रत्नदीपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दारातून आयाबाई म्हाळसाबाई म्हणाल्या, "लई हुशार माणूस धाडलाय की."

दुसरा कुणी असता तर काम लग्नाहून परतणाऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता. रत्नदीपने ते स्वतःकडे मागून घेतलं. आवाज पार काढून टाकला, त्याच्या वाटणीची रेंजही चित्राला दिली. सगळ्यात लहान नमुना आणखी लहान केला, पण त्यातली हालचाल तुटू दिली नाही, कारण बोटं अडखळली की शब्द हरवतो, हे आता त्याला कळलं होतं. एवढं करूनही चित्र पुसट यायचं. तो बुद्धप्रियाकडे बराच वेळ बघत राहिला. ती अवघडली, पदर सारखा केला.

"मॅडम, राग मानू नका... पण साडी बदलावी लागेल."

"काय?"

"बुट्टे फार आहेत हो. सगळी ताकद बुट्टे दाखवण्यात जाते... बोटांना काही उरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती साधी निळी साडी नेसून यायला लागली. मुलांसाठी. केसांत अबोलीचा गजराही आला; तो कोणत्या मुलासाठी, ते म्हाळसाबाईंनी विचारलं नाही, नुसतं खोकून दाखवलं.

चार बुधवारांत काम झालं. श्रीपूरहून सुकन्या नावाच्या चिमुरडीने व्हिडिओ पाठवला. उसाच्या पाल्यावर बसून तिने सातही वार हातांनी बिनचूक म्हणून दाखवले होते. बुद्धप्रियाला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ धसका बसला. काम झालं म्हणजे आता हा यायचा नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. पाचव्या आठवड्यात तिने कळवलं, चित्र अडकतंय. सहाव्या आठवड्यात बोटं पुसट झाली. सातव्यात रंग फिके पडले. दर वेळी बुधवारी रत्नदीप आला, लॅपटॉपवर ओणवा झाला, चारदोन बटणं दाबली, चहा प्यायला आणि गेला. आठव्या बुधवारी चित्र पुन्हा अडकलं म्हणून तो आला, तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. बिघाड दाखवायचा म्हणून तिने घाईघाईने कॅमेरा सुरू केला.

तो लॅपटॉपकडे वळलाच नाही. खालमानेने म्हणाला, की कुठल्या मोबाइलवर कुठला नमुना गेला, कधी अडकला, याची सर्व्हरवर सेकंदासेकंदाची नोंद राहते. गेल्या महिन्यात श्रीपूरला चित्र एकदाही अडकलं नव्हतं.

बुद्धप्रियाचा चेहरा गजऱ्याच्या रंगाचा झाला. पण ती मास्तरीण होती. पकडली गेली तरी प्रश्न तिचाच.

"हे पहिल्या तक्रारीलाच कळलं असेल की... मग आलात कशाला?"

रत्नदीपने हात वर केले. तपासायचं म्हणून त्याने तिचे सगळे धडे पुन्हा पुन्हा पाहिले होते. जमेल तेवढं त्यातूनच उचललेलं.

सोमवार — वाईट. मंगळवार — वाईट. बुधवार... तुम्ही... चांगला. गुरुवार — वाईट.

त्याचा मंगळवार चुकला होता. तिने पुढे होऊन त्याचं बोट धरलं, नीट वळवलं. आणि सोडायला विसरली. मग मोकळ्या हाताने, अगदी सावकाश, तिने एकच शब्द सांगितला — रोज.

तेवढ्यात तिची नजर कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर गेली. पडद्यावर कोपऱ्यात आकडा होता : दहा. दहाही मुलं अकराच्या आधीच येऊन बसली होती.

"थांबा, घाबरू नका," रत्नदीपने झडप घालून एक बटण गाठलं. "तिकडं वीस सेकंद उशिरा दिसतं. अजून पोचलं नाही... कापू?"

ती बघत राहिली. त्याच्या बोटाकडे, दिव्याकडे, पुन्हा त्याच्याकडे. सेकंद सरत होते. मग तिने त्याचा हात बटणावरून अलगद उचलला आणि आपल्या हातात ठेवून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोचू दे."